भिंग कोणतं घालायचं?

जानेवारीत माझ्यासमोर एकाच वेळी दोन कागद होते. एक कल्याणच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिलेला. त्यावर तीन प्रकारच्या लेन्सची नावं आणि प्रत्येकीपुढे रक्कम. दुसरा मुंबईला बोरा बाजारातल्या कॅमेऱ्याच्या दुकानातून आणलेला. त्यावरही लेन्सचीच नावं आणि पुढे रकमा. पहिला कागद अम्मीच्या मोतीबिंदूचा होता, दुसरा माझ्या हौसेचा. आणि दोन्हींच्या मधोमध माझी भिशी होती. शाळेतल्या आणि मोहल्ल्यातल्या वीस जणींची, महिना पाच हजारांची. ती त्याच महिन्यात मला लागली होती.

हौस म्हणजे काय, हे सांगायला हवं. मोहन्यात राहणाऱ्या उर्दू शाळेतल्या शिक्षिकेला पाण्याखाली फोटो काढायचे असतात, हे ऐकून लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "कुठे, उल्हास नदीत?" उल्हास आमच्या दारात आहे. कल्याण-डोंबिवलीचं पिण्याचं पाणी इथूनच उचललं जातं. पण उन्हाळ्यात तिच्यावर जलपर्णीची हिरवी चादर पसरते, तिच्याखाली हात घातला तर स्वतःची बोटं दिसायची नाहीत. मी जाते ती मालवणला. दिव्याहून सावंतवाडीची गाडी पकडायची, कुडाळला उतरायचं आणि पुढे एसटी. वयाच्या तिशीत तरणतलावातल्या बायकांच्या बॅचमध्ये पोहायला शिकले, तारकर्लीला एमटीडीसीच्या स्कूबा प्रशिक्षण संस्थेत अठरा मीटरपर्यंत उतरण्याचा कोर्स केला. घरात थोडी कुरबुर झाली. एका चाचांनी बुरख्याचा प्रश्न काढला. मी त्यांना वेटसूटमधला माझा फोटो दाखवला. डोक्यापासून घोट्यापर्यंत काळं रबर, वर हूड, डोळ्यांवर मास्क. त्यात मी कोणती हे त्यांनाच ओळखता आलं नाही. मग त्यांनी जानदाराच्या तस्वीरीचा मुद्दा काढला. त्यावर अम्मीच म्हणाली, "हजच्या फॉर्मला फोटो लावलास तेव्हा तू जानदार नव्हतास काय?" विषय तिथेच मिटला.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूचा समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. तिथे खडकांवर प्रवाळ आहेत. अंदमान-लक्षद्वीपसारखी रंगीत बाग नव्हे. गढूळसर पाण्यात धोंड्यासारखे बसलेले, पिवळट-तपकिरी, पहिल्या नजरेला निराश करणारे. त्यातल्या एका पोराइट्स जातीच्या प्रवाळाशी माझी ओळख झाली आहे. उलटी घातलेली देगची असावी तसा आकार. दर डिसेंबरात नाताळच्या सुट्टीत जाते, त्याचा फोटो काढते आणि परत येते. तीन वर्षं झाली.

तिसऱ्या वर्षी तो मला फिका वाटला. समुद्र तापला की प्रवाळाच्या अंगात राहणारी सूक्ष्म शैवालं त्याला सोडून जातात आणि तो पांढरा पडतो. मरत नाही लगेच, पण उपाशी पडतो. २०२४ च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की जगभर अशी पांढरं पडण्याची चौथी मोठी लाट आली आहे. माझी देगची त्यात आहे का? घरी येऊन तीन वर्षांचे फोटो शेजारी शेजारी ठेवले, तर काहीच सांगता येईना. पहिला निळा, दुसरा हिरवा, तिसरा धुरकट. माझा जुना खिशात मावणारा जलरोधक कॅमेरा प्रत्येक वेळी आपल्या मर्जीने रंग ठरवत होता. पांढरेपणा प्रवाळाचा की कॅमेऱ्याचा, हे कळायला मार्ग नव्हता. नवा कॅमेरा हवा असं तेव्हा पहिल्यांदा वाटलं. आणि त्याच डिसेंबरात, शेवटच्या दिवशी, जुना कॅमेरा बुडाला.

चूक माझीच. होडीवर कार्ड बदलायला मी त्याचं झाकण उघडलं आणि बंद केलं. झाकणाच्या रबरी कडेवर माझ्या दुपट्ट्याचा एक धागा अडकला होता. पाण्यात उडी मारली, दोन मीटरही खाली गेले नसेन, पडदा धुकटला, आडव्या रेघा आल्या आणि संपलं. प्रशिक्षक म्हणाले, बहुतेक कॅमेरे वरच्या वरच बुडतात. खोल गेल्यावर पाण्याचा दाब रबराला दाबून घट्ट बसवतो, दर दहा मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. वर मात्र एक केसही पुरतो. हे त्यांनी मला आधी सांगितलं होतं. दहावीच्या मुलींना मी दाबावर गणितं घालते आणि दुपट्टा सावरायचं विसरते.

तर कॅमेरा निवडणं. जमिनीवर कॅमेरा घेताना माणूस कॅमेरा निवडतो. पाण्याखाली आधी पेटी निवडावी लागते. तिला हाऊसिंग म्हणतात. चांगल्या मिररलेस कॅमेऱ्याला ॲल्युमिनियमची पेटी घ्यायची तर ती अनेकदा कॅमेऱ्याहून महाग पडते. शिवाय ती त्याच एका मॉडेलला बसते. उद्या कॅमेरा बदलला की पेटी भंगारात. लेन्स बदलली की पेटीचं तोंड, म्हणजे पोर्ट, बदलायचं. जवळच्या बारीक वस्तूंसाठी सपाट काच, रुंद दृश्यासाठी घुमटासारखी गोल काच. कारण असं की पाण्यातून हवेत येताना प्रकाश वाकतो. सपाट काचेतून बघितलं की सगळं मूळ अंतराच्या पाऊण अंतरावर आल्यासारखं आणि तेवढंच मोठं दिसतं. रुंद लेन्सची रुंदी त्यात मारली जाते, कडांना रंग फाटतात. घुमट ती रुंदी परत देतो. पण त्याच्यामागे तयार होणारी प्रतिमा काचेच्या अगदी जवळ असते, म्हणून लेन्सला जवळचं स्पष्ट दिसायला हवं. दूरचा डोंगर काढायचा असला तरी लेन्सने नाकासमोर बघायचं, अशी गंमत.

हे सगळं मी दरवर्षी शिकवते. आमच्या उर्दू पुस्तकात अपवर्तनाला इनइताफ म्हणतात आणि भिंगाला अदसा. अदस म्हणजे अरबीत मसूर. इंग्रजी लेन्स हा शब्दही लॅटिनमधल्या मसुरावरूनच आला आहे. दोन्हीकडच्या लोकांनी भिंगाकडे पाहिलं आणि त्यांना डाळच आठवली. मुलींना हे सांगितलं की भिंग कायमचं लक्षात राहतं. बसऱ्याच्या इब्न अल-हैसमने हजार वर्षांपूर्वी किताब अल-मनाझिर लिहून डोळा आणि प्रकाशाचा हिशेब मांडला, पुढे कमालुद्दीन फारसीने पाण्याने भरलेला काचेचा गोळा घेऊन इंद्रधनुष्याचा अभ्यास केला. त्यांची नावं मी वर्गात अभिमानाने घेते. पण बोरा बाजारात उभं राहिल्यावर त्यांचा उपयोग होत नाही. दुकानदाराने विचारलं, "मॅडम, डायव्हिंग मिस्टर करतात का?" मी म्हटलं, मीच करते. त्याने कागदावर आकडे लिहिले. पेटी बाहेरून मागवावी लागेल, कस्टम वेगळं.

दुसरीकडे डोळ्यांचे डॉक्टर मला जवळपास तोच धडा देत होते. अम्मीच्या डोळ्यातलं स्वतःचं भिंग गढूळ झालं आहे, ते काढून कृत्रिम बसवायचं. एकफोकल घातलं तर दूरचं छान दिसेल, वाचायला चष्मा लागेल. मल्टिफोकल घातलं तर दूरचं-जवळचं दोन्ही, पण रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. भारतीय की इम्पोर्टेड? मला मी दुकानातच उभी असल्यासारखं वाटलं. हॅरॉल्ड रिडले नावाच्या इंग्रज सर्जनने १९४९ मध्ये माणसाच्या डोळ्यात पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. युद्धात विमानाच्या छताचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत गेले होते, आणि डोळ्याने ते प्लॅस्टिक निमूट सोसलं, हे त्याने पाहिलं होतं. ते ॲक्रिलिक होतं. आज पाण्याखालच्या कॅमेऱ्यांचे स्वस्त घुमट त्याच ॲक्रिलिकचे असतात. सुरुवातीला फार महाग असलेलं हे भिंग १९९२ पासून मदुराईच्या ऑरोलॅबमध्ये स्वस्तात बनू लागलं. म्हणून भारतीय म्हणजे हलकं असं समजायचं कारण नाही, हे डॉक्टरांनीच सांगितलं. प्रामाणिक माणूस.

मी अम्मीला विचारलं, तुला काय बघायचं आहे? ती म्हणाली, "कुरआन." मग जरा थांबून, "आणि रस्त्यावरून येणारी रिक्षा." अम्मी रत्नागिरीच्या राजिवड्याची, दालदी मच्छीमारांच्या घरची. तिच्या बापाला म्हणे क्षितिजावरची होडी कोणाची ते शिडावरून कळायचं. चष्मा लावून तिलावत करायची तिला सवयच होती. दूरचं मात्र गेली दोन वर्षं गेलं होतं. भारतीय एकफोकल ठरलं. एक डोळा फेब्रुवारीत, दुसरा पावसाळ्यानंतर. दोन्हींचे पैसे बाजूला काढले आणि भिशीचा साधारण निम्मा भाग उरला. मोठा कॅमेरा, ॲल्युमिनियमची पेटी, घुमट, दोन लेन्स, हे सगळं त्या कागदासह पुस्तकात ठेवून दिलं. वाईट वाटलं नाही असं लिहिलं तर खोटं होईल. दोन रात्री वाटलं.

उरलेल्या पैशांत काय, हा प्रश्न मात्र सोडवायला सोपा होता. कारण मालवणचं पाणीच उत्तर देतं. तिथे चांगल्या दिवशी पाच-सात मीटर दिसतं, बाकी वेळ त्याहून कमी. पाण्यात गाळाचे कण असे तरंगतात की भिवंडीच्या लूमच्या खोलीत उन्हाच्या पट्ट्यात कापसाचा पिंज उडावा. दूरच्या वस्तूचा फोटो कितीही महागड्या कॅमेऱ्याने काढा, मधला पिंजच दिसणार. म्हणून जवळ जायचं, आणखी जवळ जायचं. ऑलिंपसच्या टीजी जातीचा छोटा कॅमेरा वस्तूपासून एक सेंटिमीटरवरही नजर स्थिर करतो. नुसता पंधरा मीटरपर्यंत पाणी सोसतो. त्याच्यावर पॉलिकार्बोनेटची पेटी चढवली तर दोन झाकणं झाली. पेटीत धागा अडकला तरी आतला कॅमेरा वाचायची आशा. दुपट्टेवालीला याहून काय हवं? शिवाय २०१९ सालचा टीजी-६ कच्च्या स्वरूपातही फोटो साठवतो, रंग कॅमेऱ्याने ठरवायचा नाही, आपण नंतर हिशेबाने ठरवायचा. एका डायव्हरकडून वापरलेला कॅमेरा पेटीसकट मिळाला. त्याचा सेन्सर नखाएवढा आहे, अंधारात फोटो दाणेदार येतो. ते कबूल. पेटीवरून बाहेरून लावायची रुंद लेन्स, जी पाण्यातही काढता-घालता येते, ती पुढच्या भिशीवर ढकलली. पण दिवा घेतला.

दिव्याविना गत्यंतर नाही. पाणी लाल रंग आधी खातं. पाच-सहा मीटरवर लाल विटतो, दहाच्या पुढे जवळपास संपतो. हे मला पुस्तकाने नव्हे, मेंदीने शिकवलं. एकदा चुलतबहिणीच्या लग्नानंतर चार दिवसांत मी मालवणला गेले होते. आठ मीटरवर हात समोर धरला तर मेंदी काळपट, चिखल लागल्यासारखी. सोबतच्या मुलाने टॉर्च मारला आणि तळहात एकदम लाल झाला. मी पाण्यात ओरडले, बुडबुड्यांशिवाय काही बाहेर आलं नाही.

मे महिन्याच्या सुरुवातीला, डायव्हिंग बंद व्हायच्या आधी, जाऊन आले. दुपट्टा बॅगेत आणि बॅग खोलीवर. पेटीचं रबर बोटाने तीनदा तपासलं, सिलिकॉनचं बोट फिरवलं, गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवून बुडबुडा येतो का पाहिलं. देगचीजवळ गेले, सोबत नेलेली पांढरी प्लॅस्टिकची पाटी शेजारी धरली, दिवा लेन्सपासून लांब तिरका ठेवला म्हणजे पिंज उजळत नाही, आणि फोटो घेतले. पाटी पांढरी आणि देगची पांढरी नाही. वरच्या बाजूला एक तळहाताएवढा डाग खरोखर फिका आहे, बाकी अंग तपकिरी. पाटीशी पडताळलेला हा पहिला फोटो. आधीचे तीन तसेच राहणार, त्यांचं काही करता येत नाही.

अम्मीची पट्टी उघडली त्या दिवशीची गोष्ट राहिलीच. मोतीबिंदू निळा रंग खातो. माणूस पिवळ्या काचेतून बघत असतो आणि त्याला ते ठाऊक नसतं. अम्मीने एक डोळा झाकला, मग दुसरा झाकला, पुन्हा पहिला. म्हणाली, "काय गो, हा दुपट्टा निळा आहे होय? मी हिरवा समजत होते." मी म्हटलं, निळाच आहे, तूच ईदला घेतला होतास. ती बराच वेळ एकेक डोळा झाकून दवाखान्याची भिंत बघत बसली.

मालवणहून आल्यावर पेनड्राइव्ह टीव्हीला लावला आणि तिला समोर बसवलं. देगचीत तिला रस नव्हता. मग एक मासा आला, खडकाच्या कपारीत, दिवा बंद असताना काढलेला, राखाडी. मी काही बोलायच्या आधी ती म्हणाली, "तांबोशी." मी विचारलं, रंगाशिवाय कशी ओळखलीस? "तोंड बघ ना तिचं." पुढचा फोटो त्याच माशाचा, दिवा लावून. लालभडक. अम्मीने वाचायचा चष्मा कपाळावर सरकवला, खुर्ची पुढे ओढली.

"दोन किलोची तरी असेल," ती म्हणाली. "आणि तुम्ही सगळे नुसते बघत राहिलात?"