साडेसहाची अट

निकाल आला तेव्हा मी नाइट संपवून मिरजेच्या स्टँडवर तासगावच्या गाडीची वाट बघत उभी होते. मोबाइलवर पाच आकडे आले. लिसनिंग ७.५, रीडिंग ७, रायटिंग ६, स्पीकिंग ७ आणि शेवटी ओव्हरऑल ७. अण्णांना फोन करून तेवढा शेवटचा आकडा सांगितला, तर मी घरी पोचेपर्यंत अर्ध्या गल्लीला कळलं होतं की पोरीला नऊपैकी सात पडले. नऊपैकी सात म्हणजे पंचाहत्तर टक्क्यांच्या वर, म्हणजे डिस्टिंक्शन. आईनं शिरा केला होता. मी तो खाल्ला आणि काही न बोलता झोपायला गेले. मला पाचांतला एकच आकडा दिसत होता, सहा.

इंग्लंडमध्ये नर्स म्हणून काम करायचं तर तिथल्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलकडे नाव नोंदवावं लागतं. सगळे तिला एनएमसी म्हणतात. आपल्याकडचं एनएमसी डॉक्टरांचं, त्याच्याशी हिचा संबंध नाही. या कौन्सिलची अट अशी की आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत ऐकणं, वाचणं आणि बोलणं या तीन भागांत प्रत्येकी ७ आणि लिहिण्यात किमान ६.५ हवेत. लिहिण्यातली अटही पूर्वी ७ चीच होती. २०१८ च्या शेवटी ती अर्ध्यानं खाली आणली, कारण चांगल्या चांगल्या नर्सेस तिथंच अडकत होत्या. मी त्या खाली आणलेल्या अटीतही अडकले.

संध्याकाळी उठल्यावर अण्णांना हे समजावून सांगायला बसले. ते एसटीत कंडक्टर होते, हिशेबाला पक्के. त्यांनी कागदावर चार आकडे मांडून बेरीज केली, २७.५. भागिले चार, ६.८७५. म्हणाले, “मग सात कुठनं आलं?” मी सांगितलं, सरासरी जवळच्या अर्ध्यावर नेतात. पाव आला तर वर अर्धा, पाऊण आला तर वरचा पूर्ण. हे त्यांना लगेच पटलं. पटलं नाही ते पुढचं. “वरनं गोल करून सात देत्यात, मग खालच्या सहाला अर्धा देत न्हाईत?” याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आईचं दुसरंच. लिसनिंगला साडेसात म्हटल्यावर ती म्हणाली, “सात आणि अर्धा म्हण, साडेसात कशाला म्हणतीस?”

खरं तर या परीक्षेत पास-नापास नाहीच. शून्य ते नऊ अशी पट्टी आहे, तिच्यावर तुम्ही कुठं उभे आहात एवढंच ती सांगते. किती उंची लागते ते समोरचा ठरवतो, मग ते विद्यापीठ असो, कौन्सिल असो की व्हिसा कचेरी. आणि तो कागद दोन वर्षंच चालतो. औषधाच्या बाटलीसारखी त्यालाही एक्स्पायरी.

मी मराठी शाळेत शिकले, दहावीपर्यंत इंग्रजी हा फक्त एक विषय. नर्सिंग इंग्रजीतून केलं आणि नंतर आठ वर्षं आयसीयूत काढली. केसपेपर, चार्ट, डॉक्टरांशी बोलणं असं दिवसभर इंग्रजीच कानावर, त्यामुळे इंग्रजीची भीती नव्हती. आमच्याकडच्या मल्याळी सिस्टर ओईटी देतात. ती खास आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीची परीक्षा, पण फी बरीच जास्त. आयईएल्ट्सचीच १७ हजारांच्या घरात होती, म्हटलं हीच देऊ. सांगलीत एक क्लास लावला. तिथं पहिले दोन आठवडे माझ्याकडून पत्रं लिहून घेतली. घरमालकाला नळ गळतोय म्हणून पत्र, मैत्रिणीला लग्नाचं आमंत्रण. मी मनापासून लिहिली. मग एका नाइटला वॉर्डातल्या मल्याळी सिस्टरनं वही चाळली आणि विचारलं, “ये जनरल का क्यों कर रही है?” आयईएल्ट्स दोन प्रकारची असते, जनरल ट्रेनिंग आणि अकॅडेमिक. पत्र असतं ते जनरलला, आणि नर्सला लागतं अकॅडेमिक, ज्यात पत्राच्या जागी आलेख किंवा तक्ता येतो. क्लासचे सर म्हणाले, “सगळं सारखंच असतं हो.” ऐकणं आणि बोलणं सारखं असतं हे खरं. पण वाचायचे उतारे वेगळे आणि लिहिण्यातला पहिला प्रश्न वेगळा. माझ्या वहीत तेरा पत्रं होती.

ऐकण्याची मला धास्ती होती आणि तेच सोपं गेलं. साधारण ३० मिनिटं, चार भाग, ४० प्रश्न, आणि ध्वनिफीत एकदाच वाजते. कुणी फोनवर बुकिंग करतं आणि आपण फॉर्म भरायचा, असं सोप्यापासून सुरू होऊन शेवटी एखादं व्याख्यान येतं. यातली मेख अशी की बोलणारा मंगळवार म्हणतो, आपण मंगळवार लिहितो, आणि मग तो म्हणतो, नको, गुरुवारच ठेवा. रात्री दोनला डॉक्टर अर्धवट झोपेत फोनवर ऑर्डर सांगतात, ते असंच बोलतात. अमुक द्या, नाही थांबा, आधी तमुक द्या. आठ वर्षं मी हेच ऐकत आलेय. फरक एवढाच की वॉर्डात आपण ऑर्डर परत वाचून दाखवतो, इथं तशी सोय नाही. स्पेलिंग चुकलं की उत्तर चुकलं, आणि ‘दोनपेक्षा जास्त शब्द नकोत’ म्हटलं असताना तीन लिहिले तरी चुकलं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही जागा रिकामी सोडायची नाही. साधारण ३० बरोबर आली की सात मिळतात, २३ ला सहा.

वाचनात ६० मिनिटांत तीन लांब उतारे आणि पुन्हा ४० प्रश्न. तिथं ‘ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन’ या प्रकारानं मला रडवलं. दिलेलं वाक्य उताऱ्याशी जुळलं तर ट्रू, त्याच्या उलट असलं तर फॉल्स, आणि उताऱ्यात त्याबद्दल काही म्हटलंच नसेल तर नॉट गिव्हन. पहिलं कळायचं, पण दुसऱ्या-तिसऱ्यात सारखी गल्लत व्हायची. सर म्हणायचे, “सरावानं येईल.” सरावानं आलं नाही. ते आलं एका ॲडमिशनच्या वेळी. पेशंट बेशुद्ध होता, नातेवाईक अजून पोचायचे होते आणि फॉर्मवर ॲलर्जीचा रकाना होता. नवी मुलगी तिथं ‘नाही’ लिहायला निघाली होती. मी तिचा हात धरला. ॲलर्जी नाही हे एक, आणि ॲलर्जी आहे की नाही हे माहीत नाही हे दुसरं. या दोहोंतला फरक न कळल्यानं माणूस दगावू शकतो. पेन परत तिच्या हातात देताना माझ्याच डोक्यात लख्ख झालं की अरे, हेच तर नॉट गिव्हन. त्यानंतर त्या प्रकारात माझं फारसं काही चुकलं नाही.

बोलण्याची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची, समोर परीक्षक बसलेला असतो आणि सगळं रेकॉर्ड होतं. आधी घर-काम-आवडीनिवडी, मग एक कार्ड हातात देतात. विचार करायला एक मिनिट, मग दोन मिनिटांपर्यंत बोलायचं, आणि शेवटी त्याच विषयावर जरा खोल प्रश्न. मला एखाद्या ज्येष्ठ माणसाबद्दल बोलायचं होतं. मी अण्णांबद्दल बोलले. तिकिटांचा ट्रे, अंगठ्याला लागलेली शाई, रिकाम्या गाडीत पंचची टकटक. ‘ट्रे’ हा शब्द ऐनवेळी सुचेना, तर ‘गळ्यात अडकवायची, तिकिटांच्या गठ्ठ्यांची लोखंडी पेटी’ असं काहीतरी वर्णन केलं. बाहेर आल्यावर वाटलं, संपलं, साधा शब्द आला नाही. पुढं कळलं की अडलेला शब्द वळसा घालून सांगता येणं हे शब्दसंपत्तीच्या निकषात जमेला धरतात. उच्चारातही साहेबासारखं बोलावं ही अपेक्षा नसते, समोरच्याला कळलं पाहिजे. आपण मराठी लोक ‘वेन’ आणि ‘वॉर्ड’ यांचा व एकच म्हणतो, तो मात्र मी घोटून घेतला.

आता लिहिणं. एका तासात दोन प्रश्न असतात. आलेखावर किमान १५० शब्द, आणि एखाद्या मतावर किमान २५० शब्दांचा निबंध. दुसऱ्याचं वजन पहिल्याच्या दुप्पट. मला वाटलं होतं इथं व्याकरण बघतात. बघतात, पण चारांतला तो एक निकष. विचारलेलं केलं का, मांडणी सलग आहे का, शब्द कसे वापरलेत आणि व्याकरण, अशी चार खाती आणि चारही सारख्या वजनाची. कुठल्या बँडला, म्हणजे पट्टीवरच्या कुठल्या आकड्याला, काय अपेक्षित आहे याचे तक्ते परीक्षा घेणाऱ्यांनीच सगळ्यांसाठी खुले ठेवलेत, फुकट. क्लासमध्ये त्यांचा कुणी उल्लेखही केला नव्हता. मी ते निकालानंतर वाचले, म्हणजे ऑपरेशननंतर रिपोर्ट बघण्यातला प्रकार. उत्तरं फेरतपासणीला पाठवता येतात, गुण वाढले तर पैसेही परत मिळतात. पण तक्ते वाचल्यावर माझं सहा मलाच पटलं.

आलेखाच्या रकान्यात पुन्हा पुन्हा एक शब्द येत होता, ओव्हरव्ह्यू. आकडे एकामागून एक सांगत गेलात आणि एकंदर चित्र दिलं नाहीत, तर तुम्ही पाचाच्या आसपास घुटमळणार. मी परीक्षेत प्रत्येक वर्षाचा प्रत्येक आकडा लिहिला होता, एकही सोडला नव्हता. एवढी कसोशीनं नोंद केली आणि त्यालाच गुण नाहीत, याचा मला रागच आला. ओव्हरव्ह्यू म्हणजे नेमकं काय, हे तीन-चार पुस्तकांत वाचूनही डोक्यात शिरत नव्हतं.

ते शिरलं सकाळच्या ओव्हरला. नाइटची मुलगी मला पेशंट सोपवत होती. “बीपी ९० बाय ६०, पल्स ११८, युरिन तासाला २०, टेंपरेचर...” मी तिला मध्येच तोडलं. “आकडे नंतर. आधी सांग, पेशंट कसाय?” ती गप्प झाली, मग म्हणाली, “रात्रीपासून खालावतोय, सिस्टर.” ‘आधी सांग, पेशंट कसाय’ हे वाक्य मला माझ्या पहिल्या इन्चार्ज सिस्टरनं शिकवलं होतं, बऱ्यापैकी ओरडून. मी ते पोरींना रोज ऐकवते. आणि परीक्षेत तीन रेघांचा आलेख पुढ्यात आला, तेव्हा मीच ९० बाय ६० पासून सुरुवात केली होती.

त्या दुपारी जुने आलेख काढून बसले आणि प्रत्येकाला विचारलं, पेशंट कसाय? एक रेघ चढतेय, दुसरी पडतेय, तिसरी जिथल्या तिथं. झालं, हा ओव्हरव्ह्यू. मग पुराव्यापुरते निवडक आकडे.

निबंधाचं दुखणं वेगळं होतं आणि त्याचं मूळ शाळेत होतं. ‘विज्ञान : शाप की वरदान’ हा निबंध लिहून मी मोठी झाले. सुरुवातीला सुविचार, मग वरदान, मग शाप, आणि शेवटी सगळं वापरणाऱ्यावर अवलंबून असतं. या निबंधाला बाई वहीवर तारा काढायच्या. आयईएल्ट्स विचारते, तुम्ही या मताशी कितपत सहमत आहात? मी लिहून आले होते की नाण्याला दोन बाजू असतात. सातच्या रकान्यात अपेक्षा अशी की तुमची भूमिका सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्पष्ट हवी. कौतुकाचे शब्द नकोत, सुविचार नको, तुझं काय मत ते सांग आणि एक उदाहरण दे. वर क्लासनं पाठ करून घेतलेली भारदस्त वाक्यं मी जशीच्या तशी उतरवली होती, आणि पाठ केलेली वाक्यं परीक्षकाला ओळखू येतात. शाळेपासून हाताला लागलेलं हे वळण मोडायला मला तीन महिने लागले. ‘मला हे पटत नाही’ एवढं सरळ वाक्य इंग्रजीत लिहिताना उर्मटपणा केल्यासारखं वाटायचं. नर्सला मत विचारतंय कोण?

चार महिन्यांनी पुण्यात पुन्हा बसले. तोच सोपस्कार. ओळख म्हणून पासपोर्ट, बोटांचे ठसे, फोटो, हातातलं घड्याळ बाहेर. मी कॉम्प्युटरवरची परीक्षा निवडली होती, लिहिताना किती शब्द झाले ते खाली दिसत राहतं. निबंध २७० शब्दांवर थांबवला.

निकाल आला. लिसनिंग ७. रायटिंग ६.५. जीव भांड्यात पडतोय तोवर तिसरा आकडा दिसला, रीडिंग ६.५. दोन-तीन उत्तरांचा खेळ. स्पीकिंग ७, ओव्हरऑल पुन्हा ७. मी ड्रेसिंग ट्रॉलीला टेकून उभी राहिले. तिसऱ्यांदा १७ हजार कुठून आणायचे, हाच हिशेब डोक्यात सुरू झाला.

मल्याळी सिस्टरनं मोबाइल हातातून घेतला, दोन्ही निकाल पाहिले आणि म्हणाली, “क्लबिंग कर ना.” एनएमसी दोन परीक्षांचे गुण एकत्र धरते, हे मला वाचूनही लक्षात राहिलं नव्हतं. दोन्ही परीक्षा १२ महिन्यांच्या आतल्या हव्यात, आणि दोन्हींत कुठलाही भाग अटीपेक्षा अर्ध्याहून जास्त खाली नको. लिहिण्यात सहाच्या खाली नको, बाकी तिन्हींत साडेसहाच्या खाली नको. पहिल्या वेळचं वाचन ७, या वेळचं लिहिणं ६.५. मी नियम तीनदा वाचला. जो सहा मला चार महिने छळत होता, तो अर्ध्यानं जरी खाली असता तरी हे जमलं नसतं.

घरी येऊन दोन्ही कागद अण्णांसमोर ठेवले. त्यांनी चष्मा लावून पहिल्यावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर.

“म्हंजे यात एक विषय राहिलावता, तो ह्यात निघाला. आणि ह्यात जो राहिला, तो त्यात आधीच निघालावता.”

“हो.”

“मग एवढं इंग्रजी कशाला सांगतीस? एटीकेटी म्हण की.”