भाषा कुठली घ्यायची?

आमच्या बेळगावात हा प्रश्न नुसता उच्चारला तरी माणसं कान टवकारतात. घरात मराठी, बाजारात कन्नड, शाळेत इंग्रजी, असा आमचा दिवस तीन भाषांत सरतो. म्हणून माझी भाची गेल्या वर्षी म्हणाली, "आत्या, भाषाच ठरंना बघ," तेव्हा मी विचारलं, "कशाची गं, पोराच्या शाळेची?" ती हसली. "नव्हे गं, प्रोग्रॅमची."

भाची पुण्यात आठ वर्षं नोकरीत होती. मूल झालं, सासू आजारी पडल्या, ती इकडे आली. आता तिच्या हाताशी दुपारचे दोन तास असतात. आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवणं, म्हणजे पाचला स्वयंपाकघरात पाय ठेवायलाच हवा. तेवढ्या दोन तासांत तिला शहापूरच्या मागवाल्यांसाठी एक प्रोग्रॅम करायचा आहे: साडीचे काठ, बुट्टे, पदर यांचा ग्राफ संगणकावर काढायचा. ग्राफच्या कागदावरचा एक चौकोन म्हणजे एका धाग्याचं वर किंवा खाली असणं. जॅकार्डच्या पुठ्ठ्यावर भोक पाडायचं की नाही, ते त्या चौकोनावरून ठरतं.

घरच्यांचं मत वेगळं होतं. पुन्हा नोकरी मिळेल असं काहीतरी शीक, हे ब्राउझरवर चालणारं कर, सगळं जग तेच करतं. यात चूक काही नाही. पण ज्याच्यासाठी करायचं त्याच्या घरी ती जाऊन आली होती. मागाच्या खोलीत एक जुना संगणक, मेमरी चार जीबी, इंटरनेट असलं तर असलं. ब्राउझरच्या तंत्रावर केलेले पुष्कळ प्रोग्रॅम एक अख्खा ब्राउझर पोटात घेऊन येतात. दोन माणसांच्या चहासाठी लग्नाचं पातेलं चढवावं तसं. म्हणून तिला नेटिव्ह, म्हणजे थेट त्या यंत्राच्याच बोलीत चालणारा प्रोग्रॅम हवा होता.

मी शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे आकडे समोर आले की मला बरं वाटतं. तिनं मांडून दाखवले. साध्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, म्हणजे २० लाख ७३ हजार ६००. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला चार बाइट, म्हणजे एका चित्राला सुमारे ८३ लाख बाइट. माऊसमागून रेघ अडखळू नये असं वाटत असेल तर सेकंदाला ६० वेळा पडदा नवा व्हायला हवा. एका वेळेला साधारण १६ मिलिसेकंद मिळतात. भाषा कुठली घ्यायची, ते आधी या १६ मिलिसेकंदांना विचारायचं.

मग तिनं भाषा सांगितल्या. मी त्या माझ्या ओट्यावर आणून समजून घेतल्या. संगणकाची मेमरी म्हणजे ओटा. सी भाषा १९७२ च्या सुमाराची, डेनिस रिची यांची. तिथं काढलेलं भांडं तुम्हीच घासून ठेवायचं. विसरलात तर ओटा भरत जातो. सी++ त्याच घरची, बियार्ने स्ट्रॉस्ट्रुप यांनी वाढवलेली. तिथं काम संपलं की भांडं आपोआप जागेवर जाईल अशी सोय लावता येते, पण ती लावायची शिस्त तुमची. जावात घासायला वेगळी बाई आहे. काम सुखाचं, फक्त ती कधी येईल आणि तुम्हाला क्षणभर थांबवेल हे तिच्या मर्जीवर. पायथन लिहायला गोड, वाचायला गोड, पण चालताना मध्ये दुभाषी उभा असतो. आणि रस्ट, जिची पहिली पक्की आवृत्ती २०१५ मध्ये आली, ती आजेसासूसारखी: कुठलं भांडं कुणाच्या हातात आहे ते आधी सांग, मगच चूल पेटव. बोलून घेते, पण नंतर भांडं फुटत नाही.

भाचीचं मन रस्टवर बसलं होतं. दुकानात एका साडीवर नजर खिळावी तसं. तरी तिनं घाई केली नाही. आधी चित्रं काढायचे नावाजलेले प्रोग्रॅम कशात लिहिलेत ते पाहिलं. गिंप सीमध्ये, इंकस्केप आणि क्रिटा सी++ मध्ये, ब्लेंडरचा गाभा सी आणि सी++ चा आणि वरची छोटी अवजारं पायथनची. १९९० मध्ये आलेला पहिला फोटोशॉप तर बहुतेक पास्कलमध्ये लिहिलेला होता. म्हणजे या कामाची भाषा काही जन्मानं ठरलेली नाही. त्या वेळी हाताशी काय आहे आणि यंत्र काय मागतं, ते बघून माणसं ठरवत आली.

मग तिनं दोन चाचण्या घेतल्या. पहिली अक्षरांची. बटणांवर मराठी हवं, ही तिची अट. खिडक्या, बटणं काढून देणारे जे तयार संच असतात, त्या प्रत्येकात तिनं 'पद्मावती' आणि 'ज्ञानेश्वर' लिहून पाहिलं. काही नव्या संचांत जोडाक्षरं फुटली, द आणि म वेगळे होऊन मध्ये हलन्त लोंबायला लागला. इंग्रजीत अक्षराशेजारी अक्षर ठेवलं की भागतं. देवनागरीत जोडाक्षर घडवावं लागतं, वेलांटी आधी सरकवावी लागते. ते काम ज्या संचात नाही, तो कितीही वेगवान असला तरी आमच्या काय कामाचा? क्यूटी नावाच्या संचात अक्षरं नीट जुळली. हा नॉर्वेत तयार झालेला, १९९५ मध्ये बाहेर आलेला, मुळात सी++ चा. पायथनमधूनही वापरता येतो. फुकट घेता येतो, पण परवान्याच्या अटी वाचून. तिनं त्या दोनदा वाचल्या.

दुसरी चाचणी वेगाची. आडवे २४००, उभे २४०० चौकोन, म्हणजे ५७ लाख ६० हजार, आणि यंत्र त्या मागाच्या खोलीतलंच. एकेक चौकोन पायथननं भरला तेव्हा रेघ माऊसच्या मागं धापा टाकत आली. तेच सी++ नं केलं तेव्हा रेघ बोटाबरोबर गेली.

शेवटचा प्रश्न मात्र यंत्राचा नव्हता. "माझ्यामागं हे कोण बघणार?" ती म्हणाली. मूल आजारी पडलं, बदली झाली, तर मागवाल्यानं कुणाकडं जायचं? सी++ आणि पायथन येणारी पोरं गावातल्या कॉलेजात मिळतात. रस्ट येणारं तिला ओळखीत कुणी सापडलं नाही. म्हणून तिनं मनातली साडी घडी करून ठेवली. चित्र काढणारा गाभा सी++ मध्ये, आणि वरची किरकोळ अवजारं पायथनमध्ये, म्हणजे मागवाल्याच्या कॉलेजात जाणाऱ्या लेकीला उद्या एखादं नवं बटण स्वतःच घालता येईल.

बायांनो, तुमच्याही घरात एखादी पोर असं काही ठरवत बसली असेल. कोणी म्हणेल हे नवीन, कोणी म्हणेल त्यात पैसा. तिला एवढंच विचारा: हे कुणाच्या यंत्रावर चालणार, त्यात आपली अक्षरं नीट दिसणार का, तुझ्या हातात रोजचा वेळ किती, आणि तुझ्यानंतर ते कोण सांभाळणार? उत्तर तिचं तिला सापडेल. आणि एकदा ठरलं की ते दोन तास तिच्याकडून कुणी मागून घेऊ नका. पाहुणे आले तर चहा तुम्ही टाका.

भाचीचा काठ आता पडद्यावर उमटतो, बुट्टा उलटासुलटा करता येतो. पदर अजून व्हायचाय. परवा तिनं बटणांवरच्या शब्दांची यादी माझ्याकडं पाठवली, मराठी तपासायला. 'अनडू'ला काय म्हणायचं यावर आमचं अजून ठरत नाही. मागावरच्या बाया 'उसवणे' म्हणतात. मला वाटतं, तेच ठेवावं.