हा कुणाचा?

मागच्या महिन्यात आपल्या बैठकीत मी मरळीवरची कविता वाचली. वाचून झाल्यावर एक कार्यकर्ता मित्र म्हणाला, "कवी, बाकी ठीक आहे. पण इथं पोरं रस्त्यावर मार खातायत आणि तू गळ टाकून बसतोस. मासे धरणं ही साहेबलोकांची चैन." सगळे हसले. मीही हसलो. उत्तर तिथं सुचलं नाही. मला उत्तरं पाळी सुटल्यावर घरी जाताना सुचतात. म्हणून हे लिहितो. उत्तर म्हणून घ्या, नाहीतर कबुलीजबाब म्हणून घ्या. पुढे वाचाल तर दुसरंच बरोबर वाटेल.

साहेबलोकांची चैन हे खरंच आहे. एच. एस. थॉमस नावाच्या इंग्रज अंमलदारानं १८७३ साली हिंदुस्थानातल्या गळाच्या शिकारीवर सबंध पुस्तक लिहिलं. आमचा आजा भीमेत गळ टाकायचा तो चुलीसाठी. दुष्काळात त्यानं गेळफळं ठेचून डोहात टाकली, शेराचा चीक टाकला, आणि झिंगून वर आलेले मासे पोत्यात भरले. एक बी वाया नाय गेला, असं आजी सांगायची. त्याला कुणी विचारलं असतं, म्हातारबा, छंद काय तुमचा, तर तो म्हणाला असता, जेवणं.

मी त्याचा नातू. गिरणीत रिंगफ्रेमवर उभा असतो. आठ तास कानात फक्त मशीन, नाकात कापसाचा फुफाटा. पगार पुरत नाही, पण येतो. मासा नाही मिळाला तरी त्या दिवशी घरात भाकरी असते. म्हणजे आमच्या घराण्यात दिवसभर गळ टाकून रिकाम्या हातानं हसत परत येणारा मी पहिला. याला चैन म्हणायचं तर म्हणा. ती मिळवायला तीन पिढ्या गेल्यात.

आमची बसायची जागा वढू बुद्रुकच्या अंगाला, भीमेच्या काठी. वरच्या बाजूला तुळापूर, तिथं इंद्रायणी भीमेला मिळते. खालच्या बाजूला कोरेगाव, आणि पुलापलीकडे पेरण्याच्या हद्दीत आपला जयस्तंभ. आम्ही चौघं. नावं सांगत नाही, सगळ्यांना इथंच राहायचंय. तात्या वाइंडिंग खात्यातला, मराठा, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. चाचा फिटर, शिक्रापूरकडचा. आणि आबा. आबा भोई. त्याचा गिरणीशी संबंध नाही, तो पाण्यातलाच. आम्ही तिघं हौशी, तो जातिवंत. आता हा जातिवंत शब्द मी वापरला बघा. खोडत नाही. राहू द्या.

तिथं काय चालतं म्हणाल तर वाद. तात्याचं म्हणणं, कटल्याला कणीकच पाहिजे. कणकेत भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट, बडीशेप आणि चिमूटभर हिंग. हिंगाचा वास पाण्यात लांब जातो. चाचा म्हणतो, असलं बामणी जेवण घालून मासा येतो का? कोंबडीची आतडी लावा. आबा ऐकून घेतो आणि शेवटाला म्हणतो, "आरं, कटला वरच्या पाण्यात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाला. तुमी दोघं बी शिसं लावून गळ तळाला सोडताय आन कटल्याचं नाव घेताय." मग दोघं गप. वर हे तिन्ही मासे इथले नव्हेतच. ते गंगेकडच्या नद्यांतले. बीज आणून आपल्याकडच्या तळ्या-धरणांत सोडलं, तिथून नदीत आले. पण ते उपरे आहेत असं कुणी म्हणत नाही. चव चांगली आहे ना.

वाम रात्रीची. दिवसा दगडाखाली नाहीतर गाळात तोंड खुपसून बसते. तिला गांडूळ लागतं. पाठीवर बारीक काट्यांची रांग असते आणि अंग बुळबुळीत. राख लावल्याशिवाय हातात ठरत नाही. शिंगट्याच्या मिशा बघून पोरं हसतात, पण त्याच्या परांत आणि पाठीवर काटा आहे. एकदा माझ्या अंगठ्यात घुसला. दुसऱ्या दिवशी फ्रेमवर धागा जोडताना अंगठा ठणकत होता आणि मुकादमाला वाटलं मी पिऊन आलोय. पहिल्या पावसाचं गढूळ पाणी ओढ्याला आलं की चढणीचे मासे निघतात, पाण्याच्या उलटे, अंडी टाकायला. पोटात गाभोळी गच्च भरलेली. तेव्हा ओढ्यावर पोरांची जत्रा. आबा त्या दिवसांत गळ गुंडाळून ठेवतो. पोटुशीला काय धरायचं, म्हणतो.

मरळ वेगळी. ती वर येऊन हवा घेते. घोट घेतल्यासारखा आवाज होतो आणि पाण्यावर एक कडं उमटतं. पावसाळ्यात तिची पिलं शेकड्यांनी एकत्र फिरतात, लालसर, वरून बघितलं तर पाण्यात कुंकवाचा गोळा हलतोय असं वाटतं. त्या गोळ्याखाली आईबाप पहाऱ्याला असतात. गोळ्यावर बेडूक लावून गळ नाचवला की मरळ हमखास येते. आबा म्हणाला, "भुकेनं नाय येत. रागानं येते. म्हणून तिथं टाकायचा नाय." माझी कविता इथून आली. बैठकीत कुणाला ती कळली नाही, ती चूक माझीच. कवितेत मी आबाचं वाक्य न घालता माझीच बारा वाक्यं घातली होती.

पुण्यात पथारीवर माशांवरचं एक जुनं इंग्रजी पुस्तक मिळालं. मी आठवी नापास. इंग्रजी मी गिरणीतल्या मशीनवरच्या पाट्या वाचून आणि डिक्शनरी उघडून शिकलो. त्यात कर्नल साइक्स सापडला. मुंबई सरकारच्या नोकरीत असताना या भागात फिरून त्यानं दख्खनच्या माशांची यादी केली, १८३९ साली विलायतेत ती प्रसिद्ध झाली. शास्त्रात माशांची त्यानं दिलेली नावं अजून चालतात. मी नदीवर पुस्तक नेलं आणि मोठ्यानं वाचलं. सींघाला. सींगटी. कोलस. गूंगवारी. खुदरी.

आबा थांबला. म्हणाला, "परत वाच."

परत वाचलं.

"ही तर आमचीच नावं हायेत. शिंगाळा, शिंगटी, कोळस. त्याला कुणी सांगितली?"

कुणी सांगितली असतील? काठावर बसलेल्या कुणा भोयानं, कुणा कोळ्यानं सांगितली असतील. कदाचित आमच्यातल्याही कुणी. खुदरी, म्हणजे आपला महाशीर, साइक्सला पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळाला. ज्यानं तो पाण्यातून काढून दिला, त्याचं नाव माझ्या पुस्तकात कुठं नाही. प्रत्येक माशामागे साइक्सचं नाव छापलेलं आहे. मी चिडलो. आबा चिडला नाही. त्याला मजा वाटली. "म्हंजी विलायतेत बी शिंगटीला शिंगटीच म्हणत्यात," एवढंच तो दिवसभर घोळवत होता.

आता वाटणीचं सांगतो. त्यासाठीच लिहायला बसलोय.

कुणाच्या गळाला किती लागले हे आम्ही मोजत नाही. संध्याकाळी सगळे एकत्र करायचे. आबा एरंडाच्या पानांवर चार वाटे घालतो. मोठा मासा असेल तर तुकडे करून, डोकं एकाला, शेपूट दुसऱ्याला, नजरेनं तोलून. मग एकानं पाठ करून बसायचं. आबा एका वाट्यावर बोट ठेवून विचारतो, "हा कुणाचा?" पाठमोऱ्यानं न बघता नाव घ्यायचं. ज्याचं नाव निघेल त्याचा वाटा. तक्रार नाही. ही रीत जुनी आहे, आबाच्या बापाच्या वेळची. पण मला विचाराल तर मी तिथं जात होतो ते माशांसाठी कमी आणि या रीतीसाठी जास्त. आमच्या आज्यापणज्याला गावानं जे दिलं ते उरलंसुरलं, वरून टाकलेलं, आणि कुणाचं काय ते आधीच ठरलेलं. इथं विचारणाऱ्याला माहीत नसतं कुणाचं नाव येणार, आणि नाव घेणाऱ्याला माहीत नसतं वाटा कसा आहे. असा न्याय मी आणखी कुठं पाहिला नाही. गिरणीत तर नाहीच.

२९ डिसेंबर २०१७ ला वढूत गोविंद गोपाळांच्या समाधीवरून काय झालं आणि १ जानेवारी २०१८ ला काय झालं, ते तुम्हाला मी सांगायला नको. कोरेगावच्या लढाईला दोनशे वर्षं झाली म्हणून लाखांनी माणसं आली होती. कोरेगाव, सणसवाडी, वढू, दगड आणि जाळपोळ. ३ तारखेला महाराष्ट्र बंद. मी तेव्हा विशीतला, गिरणीत नवा, पण नदीवर जुना. गिरणी चालू झाली तेव्हा खात्याखात्यांत माणसं आपापली बसली. डबे वेगळे उघडले. तात्या नळावर समोर आला, मान खाली घालून बाटली भरली, गेला. मीही हाक मारली नाही. नदीवर कुणी गेलं नाही.

पावसाळ्यात चाचा म्हणाला, चल. आम्ही दोघं गेलो. आबा तिथंच होता, जसा काही उठलाच नव्हता. त्या दिवशी तीन शिंगटे आणि एक चांगला तीन किलोचा रोहू लागला. संध्याकाळी आबानं पानं मांडली. चार. मी म्हणालो, "आबा, आपण तिघं हाय." तो बोलला नाही. मी पाठ केली.

"हा कुणाचा?"

"चाचाचा."

"हा कुणाचा?"

माझ्या तोंडातून निघालं, "तात्याचा."

आबानं तो वाटा बांधून माझ्याच हातात दिला. "नाव तू घेतलंस. पोच करून ये."

मी गेलो. त्या दिवसांत दुसऱ्या आळीतून संध्याकाळी चालायला काय लागत होतं ते तुम्हाला माहीत आहे. माझ्या हातात दगड नव्हता, झेंडा नव्हता, एरंडाच्या पानात रोहूचं डोकं होतं. तात्या घरी नव्हता, दुसऱ्या पाळीला होता. वहिनी दारात आल्या. मी पुडकं पुढं केलं. त्यांनी विचारलं, "आबांनी पाठवलं का? नेहमी पाठवत्यात तसं?"

तेव्हा मला कळलं. इतके दिवस तात्या घरी सांगत होता, मासे आबांनी दिले. चार माणसांत धरलेले, एका पानावर कापलेले, त्यात माझ्या गळाचे किती, हे त्या घरात कधी पोचलंच नव्हतं. माझे मासे त्या चुलीवर शिजत होते आणि मी शिजत नव्हतो.

मित्रांनो, मी काय बोलायला पाहिजे होतं ते तुम्ही आता मनात बोलला असाल. मीही नंतर शंभर वेळा बोललो. त्यावर दोन कविता लिहिल्या, छापून आल्या, तुम्ही टाळ्या वाजवल्या. पण त्या दारात मी म्हणालो, "हो. आबांनी."

आणि आलो.

हे कुणाला सांगितलं नव्हतं. आबानं विचारलं, पोचलं का, तर म्हणालो पोचलं.

पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. इंद्रायणीचा फेस आळंदीला सगळे बघतात, तेच पाणी आमच्याकडे येतं. बंधाऱ्याचे ढापे टाकलेले, धार बंद, पाणी सडलेलं. एका पहाटे आरोळी झाली, मासेच मासे! गेलो तर काठाला हजारो तोंडं वर आलेली. आ करून, हवेला चावत. रोहू, शिंगटे, वाम, दगडाखालून कधी न निघणाऱ्या वामी. पोरं घमेली घेऊन पाण्यात. कुणीतरी म्हणालं, देवानं दिलं. देवाच्या पाण्यातही तीच गत आहे. देहूच्या डोहातले मासे कुणी धरत नाही, वारकरी त्यांना लाह्या घालतात, तिथंही मासे मरून तरंगल्याच्या बातम्या येऊन गेल्या. पाण्यातली हवा रात्रीत संपली की पहाटे मासा वर येतो. ते चरणं नसतं, गुदमरणं असतं. दुपारपर्यंत सगळे पांढरी पोटं वर करून होते. ज्यांना वरची हवा घेता येते ते जगले. मरळ. आणि तो आफ्रिकन मांगूर, ज्याला पाळायला देशात बंदी आहे आणि जो तरी सगळीकडे आहे.

आबानं गळ आणलाच नव्हता. नुसता उभा होता. माझ्या शेजारी कुणीतरी येऊन थांबलं. तात्या. दीड वर्षानं. बराच वेळ आम्ही पाण्याकडे बघत होतो. मग तो म्हणाला, "त्या रोहूचं मी घरी सांगितलं. कुणी आणला होता, कुणी धरला होता. मागचं बी सगळं सांगितलं."

"मग?"

"मग काय. म्हातारी दोन दिवस बोलली नाय माझ्याशी." थोडं थांबून म्हणाला, "कालवण तर कवाच संपलं होतं."

मी त्याला सांगितलं की दारात मी खोटं बोललो. तो म्हणाला, "म्हाईत हाय. बायकू म्हणाली, पोरगं हो म्हणालं पण तोंड पडलं होतं त्याचं."

आता आम्ही परत चौघं बसतो. नदीत आता जास्त करून चिलापी मिळते. १९५२ साली ती बाहेरून देशात आणली, आता खाली उजनीतही तीच. घाण पाणी सोसते. मादी अंडी आणि पिलं तोंडात ठेवते. परवा सात मिळाल्या, तळहाताएवढ्या. आठवीनं हातात घेतल्याबरोबर तोंडातून बारीक पिलं टाकली, तिला सोडली. चार वाट्यांत सात बसेनात. आबानं एक मधोमध कापली, चाचा म्हणाला मला शेपूट नको, नेहमीसारखं.

पाठ करायची पाळी तात्याची होती. आबानं बोट ठेवलं.

"हा कुणाचा?"

तात्या एरवी मला कवी म्हणतो. या वेळी त्यानं माझं नाव घेतलं, आडनावासकट. वरच्या रस्त्यानं दूधवाला चालला होता, त्यालाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.