अंजूरमार्गे वसई

अंजूरला निघालात तर आधी ठाण्याच्या तुरुंगासमोर घटकाभर थांबा. मध्यवर्ती कारागृह म्हणजे ठाण्याचा किल्ला, हे पुष्कळ ठाणेकरांच्याही ध्यानात नसतं. पोर्तुगीजांनी तो बांधायला घेतला आणि त्यापायी साष्टीची रयत कर आणि वेठ यांखाली भरडून काढली. काम पुरं होण्याआधीच, १७३७ साली, बाजीराव पेशव्यांचे बंधू चिमाजी आप्पा यांची फौज आत शिरली. त्या मोहिमेचा घाट घालणारी, खाणाखुणा पुरवणारी माणसं खाडीपलीकडच्या अंजूरची होती.

खारेगावचा पूल ओलांडला की नाशिक महामार्गाच्या दोन्ही अंगांना गोदामं सुरू होतात. निळे पत्रे, मालाच्या गाड्या, मधूनच तिवरांची हिरवी पट्टी. माणकोली नाक्यावर कंटेनरच्या रांगेत आमची रिक्षा बराच वेळ अडकली. रिक्षावाला जवळपासच्याच गावचा. त्याने विचारलं, "गणपतीला जायचं का नायकांच्या वाड्यावर?" मी म्हटलं, दोन्हीकडे. तो म्हणाला, "येकच हाय ते."

एकच आहे खरं. नाईकांचा जुना वाडा, लाकडी खांब, उतरतं छप्पर आणि सिद्धिविनायक. या गणपतीचा धागा चिंचवडच्या देवांशी जुळलेला, असं घराण्याची परंपरा सांगते. आत शिरताच बाहेरचा उकाडा एकदम कमी झाला. दर्शनाला आलेले एक आजोबा ओसरीवर टेकले होते. मी खांबावरून हात फिरवतोय हे पाहून म्हणाले, "इतिहासवाले दिसता. वसईला जाऊन आलात का?" अजून नाही, म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. "बरं केलंत. आधी हे, मग ते."

गंगाजी नाईक अंजूरकर आणि त्यांचे भाऊ काही सरदार नव्हते. खाडीच्या एका अंगाला पोर्तुगीजांची साष्टी आणि दुसऱ्या अंगाला मराठ्यांच्या हातात आलेला कल्याण-भिवंडीचा मुलूख, अशा सीमेवर हे घर. पलीकडच्या लोकांवर धर्मावरून होणारा जुलूम त्यांना रोज कळत होता. पुण्याला खेटे घालायचे, साष्टीतल्या देसायांना आतून फिरवायचं, कोण फितेल आणि कोण घात करील याचा अंदाज घ्यायचा. हे उद्योग त्यांनी वर्षानुवर्षं केले. साष्टीची बखर हीच हकिकत नाईकांना मध्यभागी ठेवून सांगते. बखर म्हटलं की घरच्या माणसाची बाजू थोडी उजळ असायचीच. पण पुण्याच्या बाजूने लिहिलेल्या इतिहासात हे नाव एका ओळीत उरकतात, त्याचं काय करायचं?

या वाड्याने जिवावर उदार होऊन जो मुलूख मिळवून दिला, त्याचं पेशव्यांच्या पोरानातवंडांनी काय केलं, हा हिशोब माझ्या डोक्यात होता.

वसई पडली मे १७३९ मध्ये. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये बाजीराव गेले आणि डिसेंबरमध्ये चिमाजी आप्पा. दोघा भावांना जिंकलेलं भोगायला दोन वर्षंही मिळाली नाहीत. चिमाजींचा मुलगा सदाशिवराव वसईच्या वेळी नऊ वर्षांचाही नव्हता. १४ जानेवारी १७६१ ला तो पानिपतावर पडला. त्याचं मरण लोकांच्या पचनी पडलं नाही, आणि मग सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण 'मीच भाऊसाहेब' म्हणून उभा राहिला. १७७६ मध्ये या तोतयाने कोकणातले किल्ले भराभर घेतले. अखेर आंग्र्यांनी त्याला धरलं आणि पुण्यात त्याला देहान्त शासन झालं. चिमाजींच्या वंशाची कोकणातली शेवटची स्वारी अशी एका खोट्या माणसाने केली.

बाजीरावांची शाखा मोठी, पण तिचंही तेच. नातू विश्वासराव पानिपतावर गेला. त्या धक्क्याने खचलेले त्याचे वडील नानासाहेब पाच महिन्यांत पर्वतीवर वारले. नानासाहेबांच्या उरलेल्या मुलांपैकी माधवरावांना क्षयाने सत्तावीस वर्षांच्या वयात थेऊरला नेलं. नारायणरावाला ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात गारद्यांनी कापलं. काका राघोबादादांच्या 'धरावे' या हुकमातल्या 'ध'चा 'मा' त्यांच्या बायकोने, आनंदीबाईने केला, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. तिला भक्कम कागदोपत्री आधार नाही, तरी ती सुटत नाही. राजाच्या घरातला खून म्हटला की एखादा फिरवलेला कागद लोकांना हवाच असतो. चीनचा पहिला सम्राट छिन शी हुआंग इसवी सनापूर्वी २१० मध्ये प्रवासात वारला, तेव्हा त्याच्या थोरल्या मुलाने, फूसूने, बापाच्या नावाने आलेलं खोटं फर्मान वाचून स्वतःचा जीव घेतला, असं तिथला इतिहास सांगतो. धाकटा हूहाई गादीवर बसला, त्याने आपल्या भावंडांची कत्तल केली, आणि तीन-चार वर्षांत त्यालाही मरणाच्या दारात ढकललं गेलं. छिन घराणं पंधरा वर्षांत संपलं. पेशवाईला निदान शंभर वर्षं तरी लागली.

अंजूरच्या ओसरीवर बसून राघोबादादांकडे पाहिलं, तर ते पुण्याहून दिसतात त्याहून वाईट दिसतात. पुण्याला ते पुतण्याच्या खुनातले आरोपी. इथे ते वसई-साष्टी लिहून देणारे. इंग्रजांनी हा मुलूख मागितला तेव्हा आधी त्यांनी नकार दिला होता, हेही नोंदवायला हवं. पण पोर्तुगीज गोव्याहून आरमार घेऊन येताहेत अशी बातमी आली, आणि इंग्रजांनी घाईघाईने १७७४ च्या डिसेंबरअखेर ठाण्याचा किल्लाच जिंकून घेतला. मग ६ मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहात दादांनी साष्टी आणि वसई दोन्ही देऊ केल्या. सालबाईच्या तहाने १७८२ मध्ये वसई परत आली, साष्टी गेली ती गेलीच. ज्या साष्टीसाठी अंजूरकरांनी रात्री जागवल्या ती मराठ्यांकडे चाळीस वर्षंही टिकली नाही.

दुपारी अंजूरफाट्याच्या बाजूला येऊन भिवंडी रोड स्थानकावर गाडी धरली. दिवा–वसई मार्गावर गाड्या मोजक्याच. एक चुकली की पुढच्या गाडीसाठी तिष्ठत बसायचं. डब्यात भाजीच्या टोपल्या, यंत्रमागाच्या कामावरून परतणारे भैय्ये आणि खिडकीशी भांडणारी दोन पोरं. खारबाव, कामण करत गाडी डोंगरकडेने जाते. ज्यासाठी चिमाजींची माणसं महिनोन्‌महिने लढली तो टप्पा तासाभरात संपतो.

वसईच्या किल्ल्यात सुरुंगांनी सेबास्तियन बुरूज फोडल्याची जागा शोधताना झाडोऱ्यात पाय अडकतात. आत चिमाजी आप्पांचं स्मारक आहे. गड शरण आल्यावर पोर्तुगीजांना बायकामुलं आणि चीजवस्तू घेऊन सन्मानाने जाऊ दिलं, ही गोष्ट इथल्या ख्रिस्ती मंडळींनाही ठाऊक असते.

पण मला ओढ होती १८०२ ची. राघोबांचा मुलगा, चिमाजींच्या सख्ख्या भावाचा नातू दुसरा बाजीराव हडपसरला होळकरांकडून मार खाऊन महाड, सुवर्णदुर्ग करत इथे येऊन दडला, आणि ३१ डिसेंबरला याच वसईत त्याने इंग्रजांची तैनाती फौज पदरात घेतली. पळून यायला त्याने नेमकी वसईच गाठावी! योगायोग म्हणावं तर म्हणा. मला राहून राहून अंजूरच्या ओसरीवरचे आजोबा आठवत होते. पुढे बाजीरावाचा लाडका त्र्यंबकजी डेंगळे इंग्रजांनी कोंडला तोही त्याच ठाण्याच्या किल्ल्यात, आणि १८१६ मध्ये तो तिथून निसटला. दोन वर्षांत राज्यही संपलं. बाजीराव आठ लाखांची सालीना पेन्शन घेऊन गंगेकाठच्या बिठूरला गेला. तिथे १८५१ मध्ये तो वारल्यावर दत्तक नानासाहेबाची पेन्शन कंपनीने नाकारली, आणि १८५७ नंतर नानासाहेब नेपाळच्या जंगलात दिसेनासा झाला. बाजीरावाचा धाकटा भाऊ, दुसरा चिमाजी आप्पा, काशीत वारला. थोर चिमाजींचं नाव मिळालं ते असं पेन्शनीच्या खात्यात.

या घराण्याची जी शाखा पुण्याने कधी आपली मानली नाही, तिचं काय झालं ते सांगायचं राहिलं. पहिल्या बाजीरावांचा मस्तानीपासूनचा मुलगा समशेर बहाद्दर सत्ताविसाव्या वर्षी पानिपतच्या जखमांनी गेला. त्याचा मुलगा अली बहाद्दर बुंदेलखंडात उतरला, बांद्याची नवाबी त्याने उभी केली आणि कालिंजरच्या वेढ्यात त्याचा अंत झाला. त्याच्या वंशातला दुसरा अली बहाद्दर १८५७ मध्ये झाशीच्या राणीच्या बाजूने लढला. इंग्रजांनी बांदा काढून घेतलं आणि त्याला पेन्शन देऊन इंदूरला ठेवलं.