अनंताची कुंडी

आमच्या शाळेचे वृद्ध माळीमामा निवृत्त झाले, तेव्हा ओसरीवरील अनंताची दोन रोपे आमच्या वर्गाच्या स्वाधीन करून गेले. "फूल आले की निरोप धाडा," एवढेच त्यांचे मागणे.

उत्साहाच्या भरात आम्ही ती रोपे मोठ्या कुंड्यांत हलविली आणि त्यांत भरली आमच्या आदिलाबादची काळी माती. जी माती आमच्या घरी कापूस पिकविते, तीत एक फुलझाड का वाढू नये, असा आमचा सरळ हिशेब होता. महिन्याभरात कोवळी पाने पिवळी पडली. शिरा मात्र हिरव्याच राहिल्या. झाड उपाशी आहे असे समजून आम्ही चुलीतील राख ओंजळीने घातली. पंधरवड्यात एक रोप वाळले. राखेची गोष्ट आम्ही कोणालाच सांगितली नाही.

दुसऱ्या रोपाची अवस्था पाहून विज्ञानाच्या सरांनी कुंडीतील माती वाळवावयास सांगितली. एक भाग माती, अडीच भाग ऊर्ध्वपातित पाणी. चांगले ढवळून अर्धा तास थांबावयाचे आणि वर निवळलेल्या पाण्यात दर्शक कागद बुडवावयाचा. कागद निळसर हिरवा झाला. सामू ८ आणि ९ यांच्या दरम्यान! अनंताला मानवतो तो ५ ते ६. हे मोजमाप सोरेनसेन या डॅनिश शास्त्रज्ञाने १९०९ मध्ये कोपनहेगनच्या एका मद्यनिर्मितीच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत बसविले, हे ऐकून आम्हांस हसू आले. पण त्यातील एका अंकाचा फरक म्हणजे दहापट, हे कळताच हसू मावळले. अशा विम्लधर्मी मातीत लोह असते, परंतु ते विरघळत नाही. मुळांच्या दृष्टीने ते कुलुपातच. आमच्या राखेने त्या कुलुपाला आणखी एक कुलूप घातले होते.

गंधक घालावा काय, असे आम्ही विचारले. सरांनी मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकले, तोच ती सोड्यासारखी फसफसली. मातीत चुनखडी होती. जिवाणू गंधकाचे आम्ल करतात तेही सावकाश, आणि ते आम्ल प्रथम चुन्यावरच खर्ची पडते. शेतकऱ्याला आपले शेत बदलता येत नाही. आम्हांला कुंडी रिकामी करता येत होती! जी फसफसली नाही अशी तांबडी माती आम्ही शोधून आणली, तीत निम्मे पानांचे कुजलेले खत मिसळले आणि लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस विरघळवून पानांवर फवारले. नवी पाने हिरवी आली.

तरीही दोन महिन्यांनी सामू पुन्हा वर सरकला. कुंडीच्या काठावरील पांढरे कडे पाहून कारण उमगले: बोअरचे जड पाणी रोज थोडा थोडा चुना आणीत होते. तेव्हापासून पत्र्यावरून गळणारे पावसाचे पाणी आम्ही पिंपात साठवितो, आणि दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी कागद बुडवितो.

श्रावणात पहिली कळी धरली. निरोप मिळताच मामा काठी टेकीत आले. कळीकडे त्यांनी ओझरते पाहिले आणि विचारले, "दुसरी कुंडी कुठे आहे?"

"मामा, तिच्यात राख आम्हीच घातली," आम्ही म्हणालो.

मामा काही बोलले नाहीत. रिकाम्या कुंडीतील चिमूटभर माती त्यांनी बोटांत चुरली, आणि पुढल्या आठवड्यात अनंताची एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन आले.