थंडीतलं पीठ

टेंभुर्णीत पुणे-सोलापूर महामार्गालगत माझं इडली-वड्याचं छोटं हॉटेल आहे. धंदा पहाटेचा. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की उसाचे ट्रॅक्टरवाले आणि रात्रभर चालवून आलेले ड्रायव्हर उजाडायच्या आत नाश्त्याला थांबतात. नेमकं त्याच दिवसांत पीठ दगा देतं. उन्हाळ्यात रातोरात दुप्पट फुगणारं पीठ डिसेंबरात सकाळी होतं तिथंच बसलेलं असतं. त्यावर उपाय म्हणून मी उबेची पेटी केली. ती करताना काय काय चुकलं ते सांगतो, म्हणजे दुसऱ्या कुणाचं पीठ वाया जाणार नाही.

पहिली चूक समजुतीची. उजनीची मासळी बर्फात घालून पाठवायच्या थर्माकोलच्या पेट्या आमच्या भागात सहज मिळतात. त्यातली एक कोरी, मोठी पेटी आणली, वाटलेल्या पिठाचं पातेलं आत ठेवून झाकण लावलं. सकाळी पीठ गारच. थर्माकोल म्हणजे बहुतांश कोंडलेली हवा. आतली उष्णता बाहेर आणि बाहेरची आत लवकर जाऊ द्यायची नाही, एवढंच तिचं काम. बर्फ टिकवणारी पेटी गार पीठही गारच ठेवणार. टाकीच्या गार पाण्यात तांदूळ-उडीद भिजवले, त्याच पाण्यात वाटले आणि ती थंडी मी रात्रभर सांभाळली.

मग बल्ब लावला, 40 वॅटचा. अंडी उबवायच्या मशीनला असतो तसला तापमान नियंत्रक आणला आणि त्याचा सेन्सर झाकणाजवळ लोंबता सोडला. काट्यावर 32 अंश दिसत होते, म्हणून मी निर्धास्त झोपलो. पण ते 32 अंश हवेचे होते. सकाळी पिठावर सुकलेली पापुद्र्यासारखी साय होती, कडेचं पीठ आंबट झालं होतं आणि मधलं पीठ कच्चं. पेटीत बल्बजवळच्या थर्माकोलला खड्डा पडला होता. तो खड्डा पाहून मला घाम फुटला. थर्माकोल उष्णतेनं मऊ पडतो आणि पेटही घेतो. हॉटेलात माणसं झोपलेली असताना मी हा धोका पत्करला होता.

बल्ब कमी पडण्याचं कारण नंतर हिशेब मांडल्यावर कळलं. 20 किलो पीठ 20 अंशांवरून 30 अंशांवर न्यायचं तर 40 वॅटच्या बल्बची सगळी उष्णता पिठात उतरली तरी पाच तास जातात. प्रत्यक्षात ती सगळी उतरत नाही, आणि घट्ट पिठात कडेची ऊब मध्यापर्यंत हळूहळू सरकते. उडदासोबत आलेले जे जिवाणू वायू सोडून पीठ फुगवतात, त्यांना 30 अंशांच्या आसपास बरं वाटतं. 20 च्या खाली त्यांचं काम रेंगाळतं. अर्धी रात्र तापण्यातच गेली तर ते आंबवणार कधी?

सगळ्यात मोठी चूक मात्र पेटीतली नव्हती. पीठ आलं नाही त्या सकाळी मी सोडा घालून इडल्या लावल्या. दिसायला फुगल्या, पण आंबवलेल्या पिठाची चव सोड्यानं येत नाही. रोजच्या गिऱ्हाइकानं अर्धी प्लेट ठेवून पैसे दिले आणि काही न बोलता गेला. त्या दिवशी ‘आज इडली नाही, पोहे आहेत’ असं सरळ सांगायला हवं होतं.

आता विजेचा बल्ब काढून टाकला आहे. भिजवायला आणि वाटायला कोमट पाणी घेतो. ग्राइंडरमधून पीठ निघतानाच 30 अंशांच्या आसपास असतं. आदल्या दिवशीच्या चांगल्या पिठाचे दोन डाव त्यात मिसळतो. पातेलं निम्मंच भरतो, कारण काठोकाठ भरलं की ते उतू जातं. फरशी ऊब ओढून घेते म्हणून पेटी लाकडी पाटावर ठेवतो. आत पातेल्याभोवती गरम पाण्याचे, घट्ट झाकणाचे स्टीलचे डबे ठेवतो. 10 लिटर पाणी 60 अंशांवरून 35 वर येताना जेवढी उष्णता देतं, तेवढी द्यायला 40 वॅटच्या बल्बला सात तास लागतात. रात्री लाइट गेली तरी पाण्याला फरक पडत नाही. थर्मामीटर पिठाच्या मध्यात बुडवून बघतो, हवेत नाही.

पेटी ऊब धरते, ऊब तयार करत नाही. म्हणून थंडीत पीठ आलं नाही तर पेटीवर खर्च करण्याआधी एक साधा थर्मामीटर घ्या आणि ताज्या वाटलेल्या पिठात घाला. आकडा 25 च्या खाली असेल तर आधी पाणी कोमट करा. आणि तरीही पीठ आलं नाही, तर गिऱ्हाइकाला खरं सांगा.