भोंगेवाल्याचं मिक्सर

कारंजा (घाडगे) म्हटलं की लोकांना संत्रा आठवतो, नाहीतर नागपूर-अमरावती रस्त्यावरचं आमचं बसस्टँड. या भागातल्या पाच-पन्नास गावांत मात्र माझी ओळख 'भोंगेवाला' अशीच आहे. १९७७ साली दहावी झालो आणि वावरात उतरलो. कापूस, तूर, पुढे सोयाबीन. पण कोरडवाहू शेतीत घर चालत नाही, म्हणून १९८२ साली एक जुना अहुजाचा अ‍ॅम्प्लिफायर, दोन भोंगे आणि एक माईक घेतला. लग्न, बारसं, सभा, भागवत सप्ताह, सगळीकडं सायकलवर भोंगे बांधून गेलो. आज मिक्सर आहे, मोठे बॉक्स आहेत. पण नाव तेच राहिलं.

या धंद्यानं मला एक गोष्ट शिकवली. आवाज मोठा असणं वेगळं आणि शब्द समजणं वेगळं. आमच्याकडं तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना गावोगाव होते, मागून खंजेरी भजन रंगते. खंजेरीचा घुमारा वाढला की म्हणणाऱ्याचे शब्द त्यात बुडून जातात. नवीन पोरगा अशा वेळी आवाज वाढवते. मी जाड आवाज, म्हणजे बास, कमी करतो. लगेच शब्द वर येतात. मागं बसलेली म्हातारी बाई मान डोलवायला लागली की समजायचं, जमलं.

माझ्या बहिणीचा मुलगा पेशानं मास्तर. त्याला कॉलेजपासून हॅम रेडिओचा नाद. हॅम म्हणजे हौशी रेडिओवाला. केंद्र सरकारची परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा, मग स्वतःच्या सेटवरून जगातल्या दुसऱ्या हॅमशी बोलायचं. टॉवर नको, इंटरनेट नको. एक सेट, एक बॅटरी, झाडाला बांधलेली तार, एवढंच. आपल्या देशातल्या हॅमच्या नावापुढं व्हीयू२, व्हीयू३ अशी खूण असते. राजीव गांधींकडंही हा परवाना होता. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद नावाच्या बाई आपली माणसं घेऊन हॅमच्याच कामासाठी पोर्ट ब्लेअरला गेलेल्या होत्या. अंदमानचे फोन बंद पडले आणि त्यांच्या सेटवरून लोकांची खुशाली मुख्य भूमीवर पोचू लागली. भाचा ही गोष्ट वर्गात दरवर्षी सांगायचा.

मग त्याच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, जीव वाचला. पण आवाजाची एक तार कायमची ढिली झाली. आता बोलला की अर्धी हवाच निघते. शाळेत फळ्यावर लिहून शिकवते. आणि रेडिओचा सेट त्यानं कपड्यात गुंडाळून माझ्या घरी आणून ठेवला.

"मामा, राहू द्या तुमच्याजवळ. आता हे जमत नाही."

"काहून बापू?"

"समोरचा म्हणते, कोणीतरी आहे, पण बोलणं समजत नाही. दहा वेळा सांगायची लाज वाटते."

मी त्याला म्हटलं, "चाळीस वर्षं झाली, बसलेल्या गळ्याचे महाराज मी शेवटच्या ओळीपर्यंत पोचवले. तुझा आवाज पोचवता येत नाही का, पाहू तं खरं."

दिवाळीच्या सुट्टीत तो आला. आम्ही वावरातल्या लिंबापासून गोठ्यापर्यंत तार ताणली. मधोमध केबल, दोन्हीकडं दहा-दहा मीटर. ही चाळीस मीटर बँडची, म्हणजे सात मेगाहर्ट्‌झची तार. दिवसा पाच-सातशे किलोमीटरपर्यंत चांगली चालते.

सेटसोबत हातात धरायचा छोटा माईक येते. तो साध्या, खणखणीत आवाजासाठी असते. भाच्याचा आवाज वाढवायला गेलं की श्वासच मोठा होते. म्हणून माझा भजनाचा माईक आणि मिक्सर लावायचं ठरलं. पण मिक्सरची वायर सरळ सेटमध्ये खुपसता येत नाही. मिक्सरमधून एक व्होल्टच्या आसपास आवाज निघते, सेटच्या माईकच्या भोकाला लागते काही मिलिव्होल्ट. पाटाचं पाणी चहाच्या कपात सोडण्यासारखं होते ते. म्हणून मध्ये दोन रेझिस्टर टाकले, एक दहा हजार ओहमचा, एक शंभरचा. आवाज शंभरपट खाली आला. सेटच्या त्याच पिनेवर माईकसाठी थोडी वीजही येते, ती मागं मिक्सरमध्ये जाऊ नये म्हणून एक कपॅसिटर.

मिक्सरला बोलायचं बटण नसते. दारावरच्या बेलचं बटण आणून भाच्यानं ते सेटला जोडलं. दाबलं की सेट बोलते, सोडलं की ऐकते.

चालू केलं तर 'हूं' असा घुमारा. हा आमच्या धंद्यातला जुनाच पाहुणा. मिक्सर लाईटवर, सेट बॅटरीवर, दोघांचं अर्थिंग वायरमधून एकमेकाला भेटते आणि लाईटची पन्नास हर्ट्‌झ आवाजात शिरते. भाच्यानं एका भंगार मोडेममधून बोटभर ट्रान्सफॉर्मर काढला. त्याच्या दोन बाजू तारेनं जोडलेल्या नसतात, आवाज तेवढा चुंबकातून पलीकडं जाते. तो मध्ये बसवला, घुमारा गेला.

मग दुसरं लफडं. बटण दाबून बोललं की आवाज गुळण्या केल्यासारखा फाटे. अँटेनाची ताकद माईकच्या वायरवरून परत आत येत होती. त्यावर फेराइटची काळी बांगडी असते, तिच्यावर वायरचे आठ-दहा वेढे दिले. तेही थांबलं.

यापुढचं काम माझं होतं. हॅमचा सेट आवाजाची एक अरुंद पट्टीच पुढं पाठवते, साधारण तीनशे ते सत्तावीसशे हर्ट्‌झ. खालचा घुमारा जात नाही, वरचा 'स' आणि 'श'चा फुसकारा पुरता जात नाही. म्हणजे एवढ्या पट्टीत काय भरायचं, हाच प्रश्न. मी भाच्याला 'कमळ, टपाल, चटई' म्हणायला लावलं. डोळे मिटून ऐकलं. गळा गेला होता, पण क, ट, प, च हे शब्दांचे कोपरे शाबूत होते. ते गळ्यात होत नाहीत, जीभ, टाळू आणि ओठ ते करतात. बास काढून टाकला. दोन हजारच्या वर थोडं चढवलं. एको पूर्ण बंद. माईक तोंडापासून दोन बोटं, पण जरा तिरपा, म्हणजे हवा सरळ त्यावर येत नाही. कॉम्प्रेसर थोडाच लावला, जास्त लावला की श्वासही मोठा होते. सेटवरचा काटा हद्दीच्या आत ठेवला, कारण तो पलीकडं गेला की आवाज दूर जात नाही, नुसता फाटते.

मला स्वतःला बटण दाबता येत नव्हतं. परवाना त्याचा, बोलणार तोच. गाणं लावायचं नाही, धंद्याचं बोलायचं नाही, असे हॅमचे कडक नियम आहेत. मी हेडफोन लावून फक्त बसलो.

त्यानं हाक दिली. उत्तर नाही. दुसऱ्यांदा दिली. हात थरथरत होता त्याचा. तिसऱ्या हाकेला हैदराबादचा एक माणूस आला. भाच्यानं आपली खूण सांगितली, गाव सांगितलं. पलीकडून हिंदीत उत्तर आलं, "फाइव्ह नाइन. आवाज थोडी भारी है आपकी, पर एक-एक अक्षर साफ है."

भाचा काही बोलला नाही. त्यानं बटण सोडलं होतं, तरी त्याचा अंगठा बटणावरच होता. मग वीस मिनिटं ते दोघं पावसावर आणि संत्र्याच्या भावावर बोलत बसले.

नंतर त्यानं मला बॉब हीलची माहिती दिली. अमेरिकेत मॅरिसा नावाच्या लहान गावात या माणसाचं वाद्यांचं दुकान होतं. मोठमोठ्या रॉक गाण्यांच्या मंडळींना त्यानं साऊंड पुरवलं, आणि स्वतः तो हॅम. हॅम लोकांचे आवाज नीट समजत नाहीत म्हणून १९८० च्या दशकात त्यानं त्यांच्यासाठी माईक बनवायला घेतले. २०२४ मध्ये तो गेला. मला बरं वाटलं. तिकडचा भोंगेवालाही शेवटी याच गोष्टीपाशी आला होता.

आता सगळं सामान एका पत्र्याच्या डब्यात बसवलं आहे. रेझिस्टर, ट्रान्सफॉर्मर, बांगडी, बटण. मिक्सरच्या खटक्यांवर मी नेलपॉलिशनं खुणा केल्या, म्हणजे भाच्याला घरी एकट्याला लावता येते. दर रविवारी सकाळी तो हवेत असते. सोमवारी फळ्यावर लिहून पोरांना सांगते, काल कुठल्या गावाशी बोललो. आणि हॅमच्या परीक्षेला शाळेच्या शिक्षणाची अट नाही, वय बारा वर्षं पुरं असलं की झालं, हे त्यानंच मला सांगितलं. ओहमचा नियम मी वावरात बसून पाठ करून राहिलो आहे. रानडुकरांसाठी जागल असतेच, रात्र मोठी असते.